ई-टपालाचे रकाने आणि त्यांची नावे



शाळेची सूचना, बँकेचा हिशेब, पगाराची चिठ्ठी, इतकेच काय, नोकरीवरून कमी केल्याची नोटीसदेखील आता ई-टपालाने येते. पत्र आपण वाचतो, सोबतचा कागद उघडून पाहतो आणि वाटल्यास ते पत्र दुसऱ्या कोणास पुढे पाठवितो. या क्रिया इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या यंत्राच्या पोटात कशा घडतात, याचा विचार करावा असे सहसा कोणास वाटत नाही. पण प्रत्येक पत्राबरोबर एक लपलेली यादी प्रवास करीत असते. पत्र कोणाचे, केव्हाचे, सोबत काय आहे, ते कोठून कोठे गेले, हे त्या यादीत एकेका ओळीवर लिहिलेले असते. त्या ओळींना नावे असतात. ती नावे कोणी दिली, कोणत्या नियमाने दिली आणि नाव देताना घाई केली म्हणजे पुढे काय निस्तरावे लागते, एवढाच आजचा विषय आहे.

आम्ही कामगार संघटनेचे काम करणारी माणसे. संगणकाचे शास्त्र आम्ही कोणत्याही कॉलेजात शिकलो नाही. जे थोडेबहुत कळले ते दिवसाचे काम आटोपल्यावर मूळ कागद चाळून कळले. तथापि हजेरीपटावर माणसाचे नाव कोणत्या रकान्यात पडले, यावर त्याचा पगार, रजा आणि म्हातारपण अवलंबून असते, हे आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत. त्यामुळे रकान्याच्या नावाचा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

पत्राचा माथा

आपल्याकडील कचेरीचे पत्र डोळ्यांपुढे आणा. वरच्या बाजूस जावक क्रमांक आणि तारीख असते. मग 'प्रति', 'विषय', 'संदर्भ' हे शब्द येतात. शेवटी 'सोबत' म्हणून सहपत्रांची यादी असते आणि 'प्रत माहितीसाठी' म्हणून आणखी काही नावे असतात. ई-टपालाच्या माथ्यावरही हेच असते. 'फ्रॉम' म्हणजे पाठविणारा, 'टू' म्हणजे प्रति, 'सब्जेक्ट' म्हणजे विषय, 'डेट' म्हणजे तारीख. 'मेसेज-आयडी' हा जावक क्रमांक होय. तो साऱ्या जगात एकाच पत्राचा असावा असा दंडक आहे. 'इन-रिप्लाय-टू' आणि 'रेफरन्सेस' हे संदर्भाचे रकाने. अशा एका ओळीस इंग्रजीत 'हेडर' म्हणतात. आम्ही तिला रकाना म्हणू, आणि सोबत जोडलेल्या फायलीस कचेरीच्या रिवाजाप्रमाणे सहपत्र म्हणू.

रकान्याची रचना साधी आहे. आधी नाव, मग अपूर्णविराम, मग मजकूर. नाव इंग्रजी अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता लिहावे लागते. दोन शब्द जोडावयाचे तर आडवी रेघ घालतात. लहान अक्षर आणि मोठे अक्षर यांत भेद मानीत नाहीत. २०१२ सालापासून मजकूर थेट देवनागरीत लिहिण्याची सोय नियमांत झाली आहे, पण रकान्याचे नाव मात्र आजही इंग्रजी अक्षरांतच हवे. हे नियम ज्या कागदांत प्रसिद्ध होतात त्यांस 'आरएफसी' म्हणतात. त्याचा अर्थ 'अभिप्रायांची विनंती' असा आहे. नाव विनयाचे, पण जगाचे टपाल त्या कागदांवर चालते.

'एक्स' या अक्षराची तोड

१९८२ सालच्या ऑगस्ट महिन्यात, इकडे मुंबईत गिरणी कामगारांचा संप चालू होता तेव्हा, तिकडे अमेरिकेत डेव्हिड क्रॉकर यांनी तयार केलेला आरएफसी ८२२ प्रसिद्ध झाला. ई-टपालाच्या माथ्याचे नियम त्यात घालून दिले होते. काही रकान्यांची नावे ठरवून दिली होती आणि पुढे लागतील ती रीतसर वाढवावीत असे म्हटले होते. पण एखाद्यास केवळ स्वतःच्या कामापुरता रकाना हवा असेल तर त्याने काय करावे? नवा नियम होईपर्यंत थांबावे? त्याची सोय म्हणून एक तोड काढण्यात आली. खाजगी रकान्याच्या नावाआधी 'एक्स-' लावावे. रीतसर ठरविलेले कोणतेही नाव 'एक्स-' ने कधीही सुरू होणार नाही, असे आश्वासन त्या कागदाने दिले. म्हणजे खाजगी नाव आणि प्रमाण नाव यांची टक्कर होण्याची भीती उरली नाही.

ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. १९७५ साली ब्रायन हार्वी यांनी फायली पाठविण्याच्या नियमांसंबंधी लिहिताना, निव्वळ स्थानिक तऱ्हांसाठी आरंभी 'एक्स' हे अक्षर घालावे अशी सूचना केली होती. दोन ठिकाणी एकच नाव दोन अर्थांनी वापरले गेले तरी मोठा अनर्थ ओढवणार नाही, असेही त्यांनी म्हटले होते. त्या काळी ते खरे होते. जाळ्यावरचे संगणक थोडे, ते चालविणारी माणसे बहुतेक परस्परांच्या ओळखीची. लहान गावात दोन घरांचे आडनाव एकच असले तरी पोस्टमनची गफलत होत नाही. तेच गाव शहर झाले म्हणजे घराला नंबर लागतो.

सहपत्राला जागा मिळाली ती कशी

१९८२ च्या नियमांतील पत्र म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी. छायाचित्र, ध्वनी किंवा हिशेबाचा तक्ता यांस त्यात जागाच नव्हती. ती जागा नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी करून दिली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी या नव्या पद्धतीने एक पत्र पाठविले. त्यासोबत एका गायक चौकडीचे छायाचित्र आणि तिच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण होते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात आरएफसी १३४१ प्रसिद्ध झाला. या पद्धतीस 'माइम' म्हणतात.

माइमची युक्ती समजण्यास कठीण नाही. पत्राचे भाग पाडावयाचे आणि दोन भागांच्या मधे एक ठरावीक सीमारेषा लिहावयाची. प्रत्येक भागाला स्वतःचा एक लहानसा माथा द्यावयाचा. छायाचित्रासारख्या फायलीचे रूपांतर साध्या अक्षरांत करावयाचे. त्याच्या नेहमीच्या रीतीत फायलीच्या दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणून सहपत्राचे वजन वाटेत सुमारे एक तृतीयांशाने वाढते. पंधरा एमबीची फाईल वीस एमबीच्या मर्यादेत जेमतेम अडकते किंवा परत येते, याचे कारण हेच.

या दोघांनी नावांची जी शिस्त घातली ती आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पत्राच्या एखाद्या भागाचे वर्णन करणारा रकाना 'कंटेंट-' या शब्दाने सुरू झाला पाहिजे असे त्यांनी ठरविले. 'कंटेंट-टाइप' म्हणजे हा भाग कोणत्या जातीचा आहे ते. 'कंटेंट-ट्रान्स्फर-एन्कोडिंग' म्हणजे त्याचे अक्षरांत रूपांतर कोणत्या रीतीने केले आहे ते. भागाच्या माथ्यावर दुसरे काहीही लिहिले तरी वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यास अर्थ दिलाच पाहिजे असे बंधन नाही. 'एक्स-' ने सुरू होणारे खाजगी रकाने तेथे लिहिण्यास मोकळीक होती, पण ते वाटेत गळून पडू शकतील, अशी पुढे १९९६ साली आलेल्या सुधारित नियमांची स्पष्ट सूचना होती. तात्पर्य, सहपत्राविषयी काही विशेष लिहून ठेवावयाचे तर रकान्याचे पहिले अक्षर लिहितानाच त्याचे भवितव्य ठरते.

याच घराण्यातील एक रकाना पाहा. एखादा भाग पत्राच्या मजकुरातच दाखवावा की वेगळे सहपत्र म्हणून ठेवावा, आणि सहपत्र असल्यास फायलीचे नाव काय, हे सांगण्यासाठी 'कंटेंट-डिस्पोझिशन' हा रकाना निघाला. १९९५ साली तो केवळ प्रयोग म्हणून मांडला गेला. १९९७ साली तो प्रमाण होण्याच्या मार्गास लागला. प्रयोग असतानाही त्यास कोणी 'एक्स-' चिकटविले नव्हते, म्हणून बढती मिळाली तेव्हा त्याचे नाव बदलावे लागले नाही. हे उदाहरण ध्यानात ठेवा. त्याची गरज पुढे पडणार आहे.

मराठी माणसाची एक अडचण येथेच सांगून टाकू. आपण फायलीस 'तक्रार' असे देवनागरी नाव देतो आणि पलीकडे ती प्रश्नचिन्हे, टक्केवारीची चिन्हे आणि आकडे यांचा कडबोळे होऊन पोहोचते. असे का होते? जुन्या नियमाने रकान्यात इंग्रजी अक्षरांवाचून काही चालत नसे. १९९७ च्या आरएफसी २२३१ ने तोड दिली ती अशी, की देवनागरी अक्षराचा प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंक-अक्षरे यांनी लिहावा. देवनागरीच्या एका चिन्हाचे तीन बाइट होतात, म्हणजे एका चिन्हास नऊ जागा लागल्या. 'तक्रार' या शब्दात त, क, हलन्त, र, काना आणि र अशी सहा चिन्हे आहेत. त्यांस चोपन्न जागा लागतात. काही सॉफ्टवेअरनी हा नियम न पाळता, विषयाच्या ओळीसाठी केलेली दुसरीच रीत फायलीच्या नावासाठी वापरली. ज्यास दोन्ही रीती कळतात ते नाव नीट दाखविते. ज्यास एकच कळते ते कडबोळे दाखविते. येथे दोष देवनागरीचा नाही. करार झाला होता, तो सर्वांनी पाळला नाही.

पुढे पाठविणे म्हणजे नेमके काय

'पुढे पाठविणे' हा शब्द आपण एक समजतो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळी कामे आहेत.

पहिले काम पोस्टमनच्या ओळखीचे आहे. घर बदललेल्या माणसाचे पत्र आले म्हणजे लखोट्यावरचा जुना पत्ता खोडून नवा लिहितात. पत्र जसेच्या तसे पुढे जाते. ई-टपालात यासाठी 'रीसेंट-' ने सुरू होणारे रकाने आहेत: 'रीसेंट-फ्रॉम', 'रीसेंट-टू', 'रीसेंट-डेट' आणि आणखी काही. मूळ पत्र कोणाचे ते कायम राहते आणि दुसऱ्यांदा कोणी पोस्टात टाकले तेही कळते.

दुसरे काम आपण रोज करतो ते. नवे पत्र लिहावयाचे आणि त्यात जुन्या पत्राचा मजकूर उतरवून घ्यावयाचा, किंवा जुने पत्र माथ्यासकट सहपत्र म्हणून जोडावयाचे. येथे पाकीट नवे, जावक क्रमांक नवा, पाठविणाराही नवा.

तिसरे काम माणसावाचून होते. एका पत्त्यावर येणारे सारे टपाल दुसऱ्या पत्त्यावर आपोआप रवाना करावे, अशी सूचना देऊन ठेवलेली असते.

२००८ सालच्या आरएफसी ५३२२ मध्ये हे तीन प्रकार वेगळे करून सांगितले आहेत आणि 'रीसेंट-' हे रकाने फक्त पहिल्या कामासाठी आहेत, उरलेल्या दोहोंसाठी ते वापरू नयेत, असे बजावले आहे. मग 'हे पत्र अमुक पत्रावरून पुढे पाठविले' असे सांगण्यास दुसऱ्या कामात कोणता रकाना लिहावा? नेमका त्यासाठी ठरवून दिलेला रकाना त्या नियमांत नाही. जेथे नियम गप्प बसतो तेथे प्रत्येकजण आपली सोय पाहतो. थंडरबर्ड हे सॉफ्टवेअर पुढे पाठविलेल्या पत्रावर 'एक्स-फॉरवर्डेड-मेसेज-आयडी' असा रकाना घालून मूळ पत्राचा जावक क्रमांक लिहिते. दुसरी काही सॉफ्टवेअरे उत्तरासाठी असलेला 'इन-रिप्लाय-टू' हाच रकाना पुढे पाठवितानाही वापरतात. जीमेल आपोआप रवाना केलेल्या टपालावर 'एक्स-फॉरवर्डेड-टू' आणि 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' असे रकाने लिहिते आणि त्यांत ई-टपालाचे पत्ते असतात.

आता गंमत पाहा. वेबच्या दुनियेत 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' याच नावाचा रकाना फार पूर्वीपासून रूढ आहे आणि तेथे त्यात पाने मागणाऱ्या यंत्राचा क्रमांकी पत्ता असतो. नाव तेच, अर्थ निराळा. दोहोंच्या वाटा वेगळ्या असल्यामुळे यंत्रांची टक्कर होत नाही, पण ते वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात गोंधळ होतो.

बदलीचा शिक्का

मुंबईच्या गिरण्यांत 'बदली' कामगार नावाचा एक वर्ग होता. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी बदलीवाल्यास घ्यावयाचे. तो रोज दाराशी यावयाचा. काम असेल तर आत, नसेल तर घरी. नाव तात्पुरते होते, पण माणसाची उमेद त्या तात्पुरत्या नावाखाली सरत असे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली २५-सी हे कलम घालण्यात आले. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटले होते की, बदली कामगाराने सलग एक वर्ष सेवा पुरी केली म्हणजे ले-ऑफच्या भरपाईच्या त्या कलमापुरता तो बदली समजला जाणार नाही. काम कायमचे झाले तर नावही त्याप्रमाणे असावे, हे तत्त्व निदान तेवढ्या कलमापुरते कायद्याने मान्य केले.

'एक्स-' चा शिक्का हा असाच बदलीचा शिक्का होय. कोणी प्रयोग म्हणून रकाना काढतो. तो उपयोगी पडतो. दुसरे सॉफ्टवेअर तो वाचू लागते, तिसरे लिहू लागते. पाहता पाहता जगभर तो पसरतो आणि मग सर्वांच्या ध्यानात येते की, हा आता प्रयोग राहिलेला नाही, यास प्रमाण करावयास हवे. प्रमाण करावयाचे तर १९८२ च्या वचनाप्रमाणे 'एक्स-' काढावे लागणार. आणि काढावे तर जुनी सॉफ्टवेअरे नवे नाव ओळखीत नाहीत. म्हणून नवे आणि जुने ही दोन्ही नावे वर्षानुवर्षे सांभाळावी लागतात.

याची उदाहरणे कागदोपत्री आहेत. वेबवर मजकूर दाबून लहान करण्याच्या 'जीझिप' पद्धतीचे नाव आधी 'एक्स-जीझिप' होते. १९९७ च्या नियमांत ही दोन्ही नावे एकच समजावीत असे लिहावे लागले. जतन केलेल्या पत्राचा ठिकाणा सांगणारा 'एक्स-आर्काइव्हड-अॅट' हा रकाना २००७ साली 'आर्काइव्हड-अॅट' या नावाने प्रमाण झाला, पण जुन्या पत्रांवर जुने नाव राहिलेच. वेबवरील 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' साठी २०१४ साली 'फॉरवर्डेड' असा रीतसर रकाना ठरविला. तरी जुने नाव आजही सर्रास चालू आहे. नियम झाला म्हणून सवय जात नाही.

२०१२ चा निर्णय

२०१२ सालच्या जून महिन्यात आरएफसी ६६४८ प्रसिद्ध झाला. यापुढे नव्या नावांना 'एक्स-' लावू नये, असे त्यात सांगितले आहे. त्यावर तिघांची नावे आहेत: पीटर सेंट-आंद्रे, मार्क नॉटिंगहॅम आणि डेव्हिड क्रॉकर. तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या कागदाने 'एक्स-' ची सोय करून दिली होती, तेच क्रॉकर ती सोय बंद करणाऱ्यांत होते. अनुभवाने नियम सुधारावा तो असा.

या कागदातील एक कलम आम्हांस फार मोलाचे वाटते. नावाच्या आरंभी 'एक्स-' आहे की नाही, एवढ्यावरून सॉफ्टवेअरने त्या नावाचा दर्जा ठरवू नये, असे त्यात आहे. 'एक्स-' दिसले की कमी प्रतीचे, आणि नसले की विश्वासाचे, असा भेद करावयाचा नाही. रकाना कोणते काम करतो ते पाहावयाचे. जुन्या 'एक्स-' वाल्यांना हाकलून द्यावे असे मात्र तो कागद म्हणत नाही. जे चालू आहेत ते चालू राहोत, नवी भरती मात्र या शिक्क्याने नको.

कोणी शंका घेईल की, शिक्का काढला तर पुन्हा टक्कर होण्याची भीती आली. दोघांनी एकच नाव उचलले तर काय? याची दोन उत्तरे आहेत. पहिले नोंदणीचे. २००४ च्या आरएफसी ३८६४ ने रकान्यांच्या नावांची जागतिक नोंदवही सुरू केली. ती 'आयाना' ही संस्था ठेवते. तिचे कायम आणि तात्पुरती असे दोन भाग केले, आणि तात्पुरत्या भागात नाव घालणे मुद्दाम सोपे ठेवले. येथे 'तात्पुरते' हा शब्द नोंदवहीत राहतो, माणसाच्या कपाळावर लिहिला जात नाही. बढती मिळाली की नोंद एका भागातून दुसऱ्या भागात जाते आणि नाव आहे तेच राहते. दुसरे उत्तर मालकीचे. रकाना केवळ आपल्या संस्थेपुरता असेल तर नावाआधी संस्थेचे नाव घालावे. थंडरबर्डमध्ये सहपत्र पत्रातून वेगळे काढले किंवा पुसले, तर त्या जागी 'एक्स-मोझिला-अल्टर्ड' हा रकाना लिहून काय केले आणि कोणत्या तारखेस केले ते नमूद होते. या नावात 'मोझिला' आहे, म्हणजे टक्कर टाळण्याचे काम त्या एका शब्दाने झालेच आहे. आरंभीचे 'एक्स-' तेथे फुकट बसले आहे. पण रकाना गुणाचा आहे, कारण तो फेरफार लपवीत नाही.

पोटाचा प्रश्न येथे कोठे येतो

आपण म्हणाल, या साऱ्या तंत्राच्या गोष्टी; सामान्य माणसास त्याचे काय? आमच्या पाहण्यातील एक प्रकरण सांगतो. एका कारखान्यातील कामगाराने आजारपणाची रजा ई-टपालाने मागितली आणि डॉक्टरांचे सर्टिफिकेट सोबत जोडले. खात्याच्या कचेरीने ते पत्र मुख्य कचेरीस धाडले. मुख्य कचेरीने सांगितले, अर्ज आहे, सर्टिफिकेट नाही, गैरहजेरी बिनपरवाना. वीस दिवसांचा पगार कापला आणि खुलासा मागितला. खात्याची कचेरी म्हणाली, आम्हांस आले तसे आम्ही पुढे पाठविले. मूळ पत्र त्यांनी पुसून टाकले होते.

आम्ही मुख्य कचेरीकडून ते पत्र माथ्यासकट मागून घेतले. खात्याच्या कचेरीत थंडरबर्ड वापरीत. त्या कचेरीने त्याच आठवड्यात पुढे पाठविलेल्या इतर पत्रांवर 'एक्स-फॉरवर्डेड-मेसेज-आयडी' हा रकाना होता. या पत्रावर तो नव्हता. त्याऐवजी 'इन-रिप्लाय-टू' होता आणि त्यातील क्रमांक कामगाराच्या 'पाठविलेले' या खणातील पत्राशी अक्षरशः जुळत होता. त्या पत्रासोबत सर्टिफिकेट जसेच्या तसे होते. उलगडा झाला. कारकुनाने 'पुढे पाठवा' ही कळ न दाबता 'उत्तर' ही कळ दाबली होती आणि वरचा पत्ता तेवढा बदलला होता. उत्तर देताना सॉफ्टवेअर सहपत्रे गाळून टाकते, कारण ती ज्याची त्याच्याकडे आहेतच असे ते धरून चालते. सर्टिफिकेट तेथे गळाले. पगार परत मिळाला.

हे प्रकरण सुटले ते एका सॉफ्टवेअरने 'पुढे पाठविणे' आणि 'उत्तर देणे' यांस वेगळी नावे दिली म्हणून. दोन्ही कामांस एकच रकाना लिहिणारे सॉफ्टवेअर त्या कचेरीत असते तर माथा काहीच बोलला नसता. ठरलेले, सर्वांस समान असे नाव असते तर हा प्रश्न दैवावर राहिला नसता.

तरीही सावधपणे चालावे. माथ्यावर कोणीही काहीही लिहू शकतो. अलीकडे पाठविणाऱ्या ठिकाणाची सही पत्रावर घालण्याची 'डीकिम' नावाची रीत आहे. पण ती सही ज्या रकान्यांची नावे तिच्या यादीत आहेत त्यांनाच लागू असते, आणि खाजगी रकाने बहुधा त्या यादीबाहेर राहतात. म्हणून विशेष रकाना हा धागा आहे. तो दुसऱ्या धाग्यांशी जुळला म्हणजे दोर होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने विद्युत् नोंद पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र मागितले आहे. कागदावर छापून घेतलेल्या पत्रावर विसंबून राहू नये. मूळ पत्र माथ्यासकट जपून ठेवावे.

काम करवून घेणाऱ्यांसाठी

आज लहान पतसंस्था आणि ग्रंथालयेदेखील स्वतःची सॉफ्टवेअरे करवून घेतात. करणारा तरुण असतो, हुशार असतो, त्यास घाई असते. करवून घेणाऱ्याने त्यास चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, या कामासाठी ठरलेला रकाना आधीपासून आहे का? असेल तर नवा काढू नये. दुसरी, रकाना सहपत्राच्या भागावर बसावयाचा की साऱ्या पत्राच्या माथ्यावर? भागावर असेल तर नाव 'कंटेंट-' ने सुरू व्हावे. तिसरी, नावावरून मालक आणि काम दोन्ही कळतात का? आधी संस्थेचे छोटे नाव, मग आडवी रेघ, मग कामाचा शब्द. आरंभी 'एक्स-' नको. चौथी, पुढेमागे नाव बदलले तर जुनी पत्रे वाचता येतील का? लिहिताना नवे नाव लिहावे, वाचताना दोन्ही ओळखावीत.

यास आणखी एक पुरवणी. जी गोष्ट पत्र पाहून कळते ती रकान्यात पुन्हा लिहू नये. मायक्रोसॉफ्टच्या टपालात 'एक्स-एमएस-हॅज-अटॅच' असा रकाना असतो. सहपत्र आहे की नाही एवढे तो सांगतो. सोय आहे, नाही असे नाही. पण वाटेत कोणी सहपत्र काढून घेतले आणि रकाना तसाच राहिला, तर माथा एक सांगतो आणि पत्र दुसरे. हजेरीपटावर नाव आहे आणि माणूस जागेवर नाही, असे झाले म्हणजे भांडण ठरलेलेच.

नाव देणे हा जगाशी केलेला करार आहे. ज्या दिवशी नाव दिले त्या दिवशी ते चार जणांपुरते असते. पुढे ते किती जणांच्या कागदावर बसेल हे देणाऱ्यास ठाऊक नसते. तात्पुरत्या सोयीने दिलेली नावे कायमची होतात, हे टपालाच्या चाळीस वर्षांच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. म्हणून नाव पहिल्याच दिवशी असे द्यावे की, काम वाढले तरी ते बदलावे लागू नये. आणि घरी गेल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाने एखाद्या महत्त्वाच्या पत्राचा माथा उघडून पाहावा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'मूळ पत्र दाखवा' किंवा 'स्रोत पाहा' अशा अर्थाची एक सोय असते. आज सांगितलेली नावे तेथे भेटतील. ती ओळखता आली म्हणजे, 'कागद आलाच नव्हता' असे उद्या कोणी म्हणाले, तर कोठे बोट ठेवावयाचे ते आपणांस ठाऊक असेल.